इंजिनचे मिसिंग : आधी शोध, मग सुटा भाग

"मिस्त्री, गाडी मिसिंग मारते." हे वाक्य ज्या गॅरेजात ऐकू येत नाही, असे गॅरेज विरळाच. नव्या गाडीला स्कॅनर जोडला की दोष कोणत्या बाजूला आहे याचा अंदाज येतो. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर असलेल्या जुन्या गाडीत ही सोय नाही. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली गेली, मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. तरीही अशा जुन्या गाड्या छोट्या व्यापाऱ्यांकडे व हौशी मालकांकडे आजही आहेत. म्हणून या विषयाची थोडी उजळणी करावी असे आम्हाला वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका गॅरेजात चार सिलिंडरची एक जुनी मोटार आली. आधीच्या दोन ठिकाणी तिचे प्लग, पॉइंट आणि कॉइल बदलून झाले होते. कार्बोरेटर दोनदा खोलला होता. मिसिंग मात्र जागच्या जागी! मालक काकुळतीने म्हणाले, "उस्ताद, आता काही बदलू नका. आधी सांगा, झाले आहे काय?" आमच्या मते हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

सिलिंडर चालण्यास तीन गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल आणि पुरेसे कॉम्प्रेशन. तिन्हींपैकी काय कमी आहे हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

प्रथम गिऱ्हाइकाला विचारावे. मिसिंग थंड इंजिनवर की गरम झाल्यावर? स्लोवर की चढावर? पावसात वाढते काय? पावसात वाढत असेल तर डिस्ट्रिब्यूटरची कॅप आणि प्लगच्या वायरी यांवर पहिला संशय घ्यावा. इंजिन चालू ठेवून बॉनेट अंधारात उघडल्यास फुटलेल्या वायरीतून निसटणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बाद समजावी.

मग दोषी सिलिंडर शोधावा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, ती एका जुन्या प्लगला लावून तो प्लग इंजिनच्या धातूला टेकवून पक्का बसवावा आणि इंजिन चालू करावे. वायर मोकळी लोंबकळत ठेवू नये. कॉइलवर ताण येतो आणि हाताला झटका बसतो. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. ज्या सिलिंडरची ठिणगी तोडल्यावर इंजिनचा आवाज पडतो तो सिलिंडर काम करीत आहे. ज्याची तोडूनही काही फरक पडत नाही, तो आपला चोर!

मिसिंग एकाच सिलिंडरवर नसून फिरते असेल, तर सर्वांना सामाईक असलेले भाग पाहावेत : कॉइल, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, पेट्रोलचा पुरवठा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर तपासावा. डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. त्याचा बुश झिजला असेल तर पॉइंटची गॅप कितीही नीट लावली तरी टिकत नाही.

चोर एकच असेल तर त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. नाही गेला तर वायरीची अशीच अदलाबदल करावी. यात एक पैसाही खर्च होत नाही. प्लग पेट्रोलने ओला असल्यास ठिणगी मिळत नसावी. तेलकट असल्यास रिंग किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल वर येत असावे.

ठिणगी ठीक असेल तर कार्बोरेटरकडे धावण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजावे. सर्व प्लग काढावेत, कॉइलची जोडणी तोडावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि चारही आकडे वहीत लिहावेत. सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा एखादा १५ टक्क्यांहून अधिक कमी असेल तर दोष आत आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंग, न चढला तर व्हॉल्व्ह. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम कमी आले तर हेड गॅसकेट पाहावे.

वरील मोटारीत नेमके हेच उपयोगी पडले. थंड इंजिनवर आकडे सारखे होते; गरम केल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा आकडा पडला. टॅपेट फार घट्ट होते. गरम होऊन व्हॉल्व्हची दांडी लांबली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता. फिलर गेज लावून अर्ध्या तासात काम झाले. आणखी काही महिने तसेच चालले असते तर व्हॉल्व्ह जळून हेड उतरवावे लागले असते.

राहिले हवा आणि पेट्रोल. मॅनिफोल्डचे गॅसकेट किंवा व्हॅक्यूमची नळी गळत असेल तर जवळच्या सिलिंडरला हवा जास्त जाते. दुसरी गोष्ट अलीकडची आहे. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. इथेनॉलमुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते, जुने रबर खराब होते, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ओल शिरल्यास पाणी तळाशी साचते. जुन्या गाडीच्या नळ्या, डायफ्रॅम आणि फिल्टर यांच्याकडे म्हणूनच अधिक लक्ष द्यावे.

आता धंद्याची गोष्ट. अनेक मिस्त्री तपासणीचे पैसे मागण्यास संकोचतात आणि ते सुट्या भागांतून काढतात. त्यामुळे गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो आणि आपल्या हुनराची किंमतही राहत नाही. तपासणीची मजुरी आधीच स्पष्ट सांगावी, आकडे लिहून द्यावेत, काढलेला जुना भाग परत द्यावा. मालकांनीही ही मजुरी घासाघीस न करता द्यावी. दोष शोधणे हेही काम आहे, आणि अंदाजाने बदललेल्या चार भागांपेक्षा ते नेहमीच स्वस्त पडते.