भोकामागचं यंत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिनेमाला बसल्यावर आपण सगळे पुढे बघतो. मागे वळून बघतं ते एखादं लहान मूल. मागच्या भिंतीत उंचावर एक चौकोनी भोक असायचं. त्यातून प्रकाशाचा झोत यायचा, झोतात धूळ आणि विड्यांचा धूर तरंगायचा. मुलाला त्या भोकामागे काय आहे ते बघायचं असायचं आणि आई त्याची मान धरून पडद्याकडे वळवायची. आज बोलायचं आहे ते त्या भोकामागच्या यंत्राविषयी, म्हणजे प्रोजेक्टरविषयी.

आपल्याकडे २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा थेट थिएटरात पोहोचू लागला. २०१२ ते २०१४च्या सुमारास रिळांच्या प्रती निघणं जवळपास थांबलं. जळगाव-धुळ्याच्या थिएटरांत आणि यात्रेतल्या तंबूंत वर्षानुवर्षं राबलेल्या या यंत्रांना त्यानंतर दोनच वाटा उरल्या. एक भंगाराची. बिडाचा वेगळा भाव, पितळेचा वेगळा, भिंग कुणी हौशी माणूस घेऊन जातो. दुसरी वाट अलीकडची आहे. शहरातला व्यापारी यंत्र विकत घेतो, घासूनपुसून सोनेरी किंवा काळा रंग देतो आणि ते हॉटेलच्या दिवाणखान्यात किंवा कलादालनात जाऊन बसतं. खाली पाटी असते, ‘जुना प्रोजेक्टर’. कुठल्या गावचा, कुणी चालवलेला, याचा पत्ता नाही.

भंगारापेक्षा हे बरं, असं कुणी म्हणेल. बरंच आहे. पण रंग लावून चौथऱ्यावर ठेवल्यानं यंत्राची कलाकृती होते का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे आणि ते का, हे सांगण्यासाठी आधी यंत्राच्या पोटात शिरावं लागेल.

सिनेमाची पट्टी ३५ मिलिमीटर रुंद. तिच्या दोन्ही कडांना भोकं, आणि एका चित्राला एका बाजूची चार भोकं. सेकंदाला २४ चित्रं पडद्यावर पडतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट पट्टी सरकते. आता गंमत अशी, की पट्टी सलग सरकत राहिली तर पडद्यावर नुसता गढूळ पट्टा दिसेल. प्रत्येक चित्र खिडकीसमोर क्षणभर स्थिर थांबलं पाहिजे, मग झटक्यात पुढचं आलं पाहिजे. फिरत्या मोटरीतून हे थांबणं आणि सरकणं कसं काढायचं? त्यासाठी यंत्रात चार खाचांचं एक छोटं पोलादी चक्र असतं. आकार क्रुसासारखा, म्हणून त्याला ‘माल्टीज क्रॉस’ म्हणतात. शेजारच्या चकतीवरची एक खुंटी दर फेऱ्याला त्याच्या खाचेत शिरते आणि त्याला बरोबर पाव वळसा देऊन बाहेर पडते. तेवढ्यात पट्टी एक चित्र पुढे जाते. ती सरकत असताना फिरती झडप प्रकाश अडवते, म्हणून सरकणं आपल्याला दिसत नाही. थिएटरात जी टकटक ऐकू यायची, तिच्यात या क्रुसाचा मोठा वाटा. तीन तासांच्या सिनेमात तो अडीच लाखांहून अधिक वेळा थांबतो आणि सरकतो. घड्याळजीच्या तोडीचं हे काम गिरणीच्या यंत्रासारख्या धडधडणाऱ्या सांगाड्यात बसवलेलं असतं.

प्रकाशाची तऱ्हा आणखी वेगळी. झेनॉनचे दिवे येण्याआधी कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी पेटवत. कांड्या जळत जातात तसं मधलं अंतर वाढतं. ते वाढलं की उजेड पिवळा पडतो, फार वाढलं की विझतो आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. म्हणून ऑपरेटरची एक नजर काळ्या काचेतून कांड्यांवर आणि दुसरी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर. रीळ संपत आलं की तिथे एक ठिपका चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, दुसऱ्याला प्रकाश त्याच्यावर न्यायचा. प्रेक्षकाला रीळ बदललेलं कळलं नाही, तर काम नीट झालं. ज्या कामाचं यश कुणालाच न दिसण्यात असतं, त्याची आठवण तरी कोण ठेवणार?

तर हे यंत्र म्हणजे थांबणं, सरकणं, उजेड, आवाज आणि एक जागा माणूस. रंग लावून मुकं केलं की यातलं काहीच उरत नाही.

हेच यंत्र दालनात ठेवून खरी कलाकृती कशी होते, याचा एक चांगला दाखला कॅनडाचे चित्रकार रॉडनी ग्रॅहम यांचा आहे. २००३ साली त्यांनी इटालियन बनावटीचा ‘व्हिक्टोरिया ८’ हा थिएटरातला धिप्पाड प्रोजेक्टर दालनाच्या मधोमध उभा केला, चालू स्थितीत. समोर भिंतीवर जो मूक चित्रपट दिसतो, त्यात आहे एक जुना जर्मन टाइपरायटर. त्याच्यावर पांढरं पीठ हळूहळू पडत जातं, बर्फासारखं, आणि अखेर कळा झाकल्या जातात. कामावरून निघालेलं एक यंत्र दुसऱ्या तशाच यंत्राचं चित्र दाखवतंय. बघणारा कधी भिंतीकडे बघतो, कधी मागे वळून यंत्राकडे. आईनं मान वळवलेल्या त्या मुलाला इथे मोकळीक मिळते.

हे वाचताना मला दूरचं काही वाटलं नाही, कारण आपल्या चाळीसगावात असा माणूस होऊन गेला आहे. कलामहर्षी केकी मूस. जन्म १९१२, मृत्यू १९८९. रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं ते जणू स्वतःला कोंडून राहिले. त्याच्या कारणाविषयीच्या कथा चाळीसगावात आजही सांगतात, त्या बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट त्यांची ‘टेबलटॉप’ छायाचित्रं. घरातल्या साध्यासुध्या, टाकाऊ वस्तू टेबलावर मांडायच्या, दिवे लावायचे आणि कॅमेऱ्यातून असं दृश्य टिपायचं, की बघणाऱ्याला तो बाहेरचा निसर्ग वाटावा. मूसांनी टाकाऊ वस्तूला रंग देऊन कपाटात ठेवलं नाही, तिला काम दिलं. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. जळगाव-धुळ्याच्या कलाशाळांतल्या विद्यार्थ्यांनी जुन्या प्रोजेक्टरला हात लावण्याआधी एकदा तिथे जाऊन यावं.

आणखी एक काम सांगतो, ते तर आपल्या यात्रांच्या तंबूतलंच. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीसारख्या यात्रा आणि तंबूतला सिनेमा हे नातं आपल्याला नवं नाही. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजच्या मागे शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया हे दोघं कित्येक वर्षं हिंडले. अंधारात पडद्याकडे बघणाऱ्या गावकऱ्यांच्या चेहऱ्यांची मधेशियांनी काढलेली छायाचित्रं २०११च्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत गौरवली गेली. दोघांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा खास उल्लेख झाला. त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्यानं स्वतःच्या डोक्यानं नव्या पद्धतीचा प्रोजेक्टर बनवला, चाकं तेलात फिरतील असा. तोवर रिळांचा जमानाच उलटत आला होता. तो कारागीर आपलं यंत्र उघडून समजावतो तेव्हा त्याच्या बोटांकडे बघत राहावं. कुठल्याही दालनातली पाटी त्याच्याइतकं सांगणार नाही.

म्हणून ज्यांच्याकडे असं यंत्र धूळ खात पडलंय, त्यांच्यासाठी चार गोष्टी. रंग देऊ नका. मूळ रंगावरचे ओरखडे, तेलाचे डाग, खडूनं लिहिलेले आकडे राहू द्या. भिंग आणि क्रुसाची पेटी वेगळी विकू नका, त्यांच्याशिवाय उरतो तो नुसता सांगाडा. स्वतः वीज जोडून बघण्याचा मोह टाळा. जुन्या तारांचं वेष्टण गळालेलं असतं आणि दिव्याच्या पेटीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. हातानं फिरवून मात्र बघा. मोटरीशेजारी बहुधा हातानं फिरवायची मूठ असते, तिच्यानं क्रूस थांबताना आणि सरकताना दिसतो. जुनी रिळं सापडली तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था त्याच कामासाठी आहे.

आणि यंत्र चालवणारा ऑपरेटर गावात असेल, तर या आठवड्यातच त्याच्याकडे जा. फोनवर त्याचा आवाज टिपून घ्या. कार्बन कसा लावायचा, पट्टी तुटली तर अंधारात कशी जोडायची, कुठल्या सिनेमाला रीळ उलटं लागलं आणि खाली काय गोंधळ झाला, हे सगळं विचारा. ती मंडळी आता सत्तरीच्या पुढे आहेत. पुढेमागे ते यंत्र एखाद्या दालनात उभं राहिलंच, तर त्याच्याशेजारी तो आवाज लावता येईल.