वर्गातून जन्मलेली कादंबरी पुन्हा वर्गात : ‘द लाइटनिंग थीफ’ आणि उपक्रमांतून अध्यापन

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरात रिक रायर्डन नावाचे शिक्षक माध्यमिक शाळेत शिकवीत असत. इंग्रजी आणि इतिहास हे त्यांचे विषय. त्यांचा मुलगा दुसऱ्या इयत्तेत असताना त्याला डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-लेखनातील अडचण आणि एडीएचडी म्हणजे अवधानाची अस्थिरता असल्याचे निदान झाले. शाळेत त्याचे मन रमत नसे. ग्रीक पुराणकथांचा पाठ मात्र त्याला अतिशय आवडे. रात्री झोपताना वडिलांनी त्याच कथा सांगाव्यात, असा त्याचा हट्ट असे.

माहीत असलेल्या कथा संपल्या तेव्हा मुलाने नवी कथा मागितली. रायर्डन यांना त्या वेळी आपण सहावीच्या विद्यार्थ्यांना दिलेला एक उपक्रम आठवला. कोणत्याही ग्रीक देवाचा मुलगा किंवा मुलगी असलेला नायक स्वतः निर्माण करायचा आणि त्याच्यासाठी प्राचीन कथांच्या धर्तीवर एक साहसी मोहीम रचायची, असा तो उपक्रम होता. वडिलांनी तोच उपक्रम स्वतः सोडवला. ती कथा सांगण्यास तीन रात्री लागल्या. पुढे मुलाच्या आग्रहावरून ती लिहून काढण्यात आली. प्रकाशनापूर्वी लेखकाने हस्तलिखित माध्यमिक वर्गांतील काही विद्यार्थ्यांना वाचावयास दिले. २००५ साली ‘द लाइटनिंग थीफ’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि पर्सी जॅक्सन हे नाव जगभरातील बालवाचकांच्या ओठांवर आले.

हा जन्मेतिहास येथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, ही कादंबरी वर्गात कशी शिकवावी, याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. वाचनात मागे पडणाऱ्या एका मुलाला कथेत जागा मिळावी म्हणून ती रचली गेली. अशा पुस्तकावर केवळ रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा आणि दहा ओळींत उत्तरे लिहा असे प्रश्न काढले, तर ज्या मुलांसाठी ते लिहिले गेले तीच मुले पुन्हा मागच्या बाकावर जातात.

कथानक थोडक्यात

पर्सी जॅक्सन हा बारा वर्षांचा मुलगा. सहा वर्षांत सहा शाळा झालेल्या. अक्षरे डोळ्यांपुढे तरंगतात, एका जागी बसवत नाही आणि शिक्षकांच्या लेखी तो उनाड. आपण समुद्रदेव पोसायडनचे पुत्र आहोत, हे त्याला पुढे कळते. देवराज झ्यूस याचे वज्र चोरीस गेलेले असते आणि संशय पर्सीवर असतो. २१ जूनपूर्वी, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या आत ते परत न मिळाल्यास देवांमध्ये युद्ध पेटणार असते. अथीना देवीची कन्या ॲनाबेथ आणि अर्धे अंग बोकडाचे असलेला सखा ग्रोव्हर यांच्यासह पर्सी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसकडे निघतो.

लेखकाने प्राचीन ग्रीस आजच्या अमेरिकेत आणून ठेवला आहे. ऑलिंपस पर्वत एम्पायर स्टेट इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर आहे. प्रत्यक्षात त्या इमारतीला १०२ मजले आहेत. पाताळाचे प्रवेशद्वार लॉस एंजेलिसमधील एका ध्वनिमुद्रण केंद्रात आहे. होमरच्या ‘ओडिसी’तील कमळभक्षकांचे बेट लास व्हेगासमधील जुगारगृह बनले आहे. तेथे पाच दिवस एखाद्या दुपारसारखे निघून जातात.

नकाशा आणि तुलनेचा तक्ता

या पुस्तकाच्या अध्यापनात सर्वांत सोपा आणि उपयुक्त उपक्रम नकाशाचा आहे. वर्गाच्या भिंतीवर अमेरिकेचा मोठा नकाशा लावावा. प्रकरणे वाचून होतील तसतसा न्यू जर्सी, सेंट लुईस, डेन्व्हर, लास व्हेगास असा प्रवास दोऱ्याने दाखवावा. प्रत्येक ठिकाणी दोन चिठ्ठ्या लावाव्यात. पहिलीवर कादंबरीत तेथे काय घडले ते लिहावे आणि दुसरीवर त्यामागची मूळ ग्रीक कथा. सेंट लुईसच्या १९२ मीटर उंच कमानीवर पर्सीची गाठ कायमेरा या राक्षसाशी पडते. मूळ कथेत त्याला बेलेरोफॉनने मारले होते. पलंगाच्या मापानुसार पाहुण्यांचे पाय ताणणारा किंवा तोडणारा प्रोक्रस्टीस येथे गाद्यांचा दुकानदार झाला आहे.

मेडुसाच्या प्रसंगावर स्वतंत्र तक्ता करता येतो. पुराणातील पर्सियस हा झ्यूसचा पुत्र होता. मेडुसाकडे थेट न पाहता त्याने ढालीतील प्रतिबिंबाचा आधार घेतला. त्याच्यापाशी पंखांची पादत्राणे होती आणि अदृश्य करणारे शिरस्त्राणही होते. कादंबरीत पर्सी काचेच्या गोळ्यातील प्रतिबिंब पाहतो, पंखांचे बूट ग्रोव्हरच्या पायांत असतात आणि अदृश्य करणारी टोपी ॲनाबेथकडे असते. एकट्या वीराची साधने लेखकाने तिघा मित्रांत का वाटली असावीत, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला की चर्चा आपोआप रंगते. या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, आणि लेखनात कच्चा असलेला विद्यार्थीही येथे नेमका मुद्दा मांडू शकतो.

स्वतःचा नायक

मुख्य उपक्रम अर्थातच रायर्डन यांच्या वर्गातला. प्रत्येक विद्यार्थ्याने एक देव किंवा देवी निवडावी आणि तिच्या अपत्याचे चरित्र रचावे. त्याच्याकडे कोणती शक्ती आहे, यापेक्षा त्याच्यात कोणती उणीव आहे, हे आधी ठरविण्यास सांगावे. सर्वशक्तिमान नायकाची कथा दुसऱ्या पानावरच संपते, हे मुलांच्या लवकर लक्षात येते. त्यानंतर त्याला एक मोहीम, एक सोबती आणि एक कठीण निवड द्यावी.

या लेखनाला सांगाडा हवा असल्यास जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात मांडलेली नायकाच्या प्रवासाची कल्पना उपयोगी पडते. घर सोडणे, कसोटीला उतरणे आणि बदलून परत येणे, असे तिचे तीन टप्पे आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण विभागाने प्रसिद्ध केलेल्या सहावीच्या इंग्रजी अभ्यासक्रमात हीच कादंबरी पहिल्या घटकात घेण्यात आली होती. तेथेही घटकाची सांगता विद्यार्थ्यांनी स्वतःच्या नायकाची प्रवासकथा लिहूनच होत असे.

भविष्यवाणीचा उपक्रम याला जोडून घेता येतो. कादंबरीत पर्सीला मिळालेली भविष्यवाणी खरी ठरते, परंतु त्याला वाटले होते त्या अर्थाने नव्हे. विद्यार्थ्यांनी आपल्या नायकासाठी दोन अर्थ निघतील अशा चार ओळी लिहाव्यात आणि शेजाऱ्याने त्यांचा अर्थ लावावा. शब्दांची संदिग्धता म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा या खेळातून अधिक चांगले समजते.

बातमी, इंद्रधनुष्य आणि अकरावे घर

कादंबरीत पर्सी देव-दानवांशी झुंजत असताना वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी त्याला फरारी गुन्हेगार ठरवितात. त्याचा सावत्र बाप वार्ताहरांपुढे साळसूदपणे बोलतो. एकाच घटनेची एक बातमी बाहेरून पाहणाऱ्या वार्ताहराची आणि दुसरी प्रत्यक्ष साक्षीदाराची, अशा दोन बातम्या लिहावयास दिल्यास, माहिती कोठून आली हे तपासण्याची सवय मुलांना लागते.

विज्ञानाच्या तासालाही पुस्तक उपयोगी आहे. अर्धदेव मुले पाण्याच्या फवाऱ्यात उमटलेल्या इंद्रधनुष्यात सोन्याचे नाणे टाकून दूरच्या मित्रांशी बोलतात. शाळेच्या मैदानात सूर्याकडे पाठ करून पाण्याचा फवारा उडवला की इंद्रधनुष्य दिसते. ते का दिसते, प्रकाश पाण्याच्या थेंबात कसा वळतो आणि त्याचे रंग कसे विलग होतात, हे सांगण्यास याहून चांगले निमित्त शोधूनही सापडणार नाही.

अर्धदेवांच्या छावणीत बारा देवांची बारा घरे आहेत. वर्गाचे गट पाडून प्रत्येक घराची ढाल व ध्वज करून घेणे हा अनेक शिक्षकांच्या आवडीचा उपक्रम आहे. त्यात अकराव्या घराकडे विशेष लक्ष द्यावे. हर्मीसच्या या घरात, कोणत्याही देवाने अद्याप आपले म्हटलेले नाही, अशी मुले दाटीवाटीने राहतात. पर्सीचे पहिले दिवसही तेथेच जातात. वज्र चोरणारा ल्यूक याच घरातला असून, देवपित्याने केलेल्या उपेक्षेचा राग त्याच्या मनात साठलेला आहे. ल्यूकवर वर्गात खटला भरावा, एका गटाने आरोप मांडावेत व दुसऱ्याने बचाव करावा. ज्यांना कोणी आपले म्हटले नाही त्यांचे काय होते, या प्रश्नापाशी ही चर्चा सहसा येऊन ठेपते.

कोठे सांभाळावे लागते

पर्सीचा मेंदू प्राचीन ग्रीक लिपीसाठी घडलेला आहे म्हणून त्याला इंग्रजी वाचता येत नाही, आणि त्याची चंचलता ही खरे तर रणांगणावरची सावधता आहे, असे कादंबरी सांगते. या कल्पनेने अनेक मुलांना धीर दिला आहे. परंतु ती कल्पनाच आहे, हेही वर्गात स्पष्ट व्हायला हवे. डिस्लेक्सियाचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात मेंदूला येणारी ती अडचण आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणजे ध्वनी व अक्षरे यांचे पद्धतशीर, पायरी-पायरीने दिलेले शिक्षण. ढाली आणि नकाशे हे त्या शिक्षणाला पर्याय ठरत नाहीत. वाचनाची गाडी रुळावर येईपर्यंत मुलाला कथेपासून तोडू नये, एवढेच काम ते करतात.

म्हणून प्रकरणे मोठ्याने वाचून दाखविणे किंवा ध्वनिपुस्तक ऐकविणे यात कमीपणा मानू नये. कथा कानांनी ऐकलेला विद्यार्थी तुलनेत, तर्कात आणि खटल्यात इतरांच्या बरोबरीने उभा राहू शकतो. मूल्यमापनातही तोंडी उत्तर, चित्र किंवा प्रतिकृती यांना लेखी उत्तराइतके स्थान द्यावे. मात्र ‘आपल्या वर्गातला पर्सी कोण’ असा प्रश्न कदापि विचारू नये. कोणत्या मुलाला काय अडचण आहे, हे सर्वांसमक्ष उघड करण्याचा अधिकार शिक्षकाला नाही.

दुसरी काळजी आशयाची. पर्सीच्या घरात सावत्र बापाकडून आईचा छळ होतो आणि कथेच्या शेवटी मेडुसाचे शिर त्या प्रश्नाचा निकाल लावते. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी हीच परिस्थिती असू शकते. हा भाग शिक्षकाने आधी वाचून ठेवावा आणि घाईने हसण्यावारी नेऊ नये. मूळ ग्रीक कथांतील अत्याचाराचे प्रसंगही वयाचे भान ठेवूनच सांगावेत.

तिसरी गोष्ट चित्रपटाची. २०१० सालच्या चित्रपटात पर्सीचे वय वाढविण्यात आले आणि कथानकही बरेच बदलले. लेखकाने त्याबद्दलची नाराजी लपविली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेच्या निर्मितीत मात्र ते स्वतः सहभागी होते. चित्रपट पुस्तकाऐवजी दाखवू नये. पुस्तक संपल्यानंतर एकच प्रसंग तिन्ही माध्यमांत तपासून पाहणे अधिक लाभदायक ठरते.

भारतीय वर्गासाठी

भारतात इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील अनेक मुले ही मालिका आपणहून वाचतात. येथील शिक्षकाला आणखी एक धागा उपलब्ध आहे. झ्यूस हे नाव आणि वैदिक ‘द्यौस्’ हा शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. झ्यूसच्या हातातील विजेचे अस्त्र पाहून मुलांना इंद्राचे वज्र आठवणे स्वाभाविक आहे. रायर्डन यांच्या नावाने चालणाऱ्या प्रकाशनमालेत २०१८ साली रोशनी चोक्शी यांची ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ ही महाभारतावर आधारलेली बालकादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका एक शाळकरी मुलगी आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचता येतील. मात्र ऑलिंपसच्या देवांभोवतीची प्राचीन उपासना कधीच लोपली, तर महाभारतातील व्यक्तिरेखा आजही कोट्यवधींच्या श्रद्धेचा विषय आहेत, हा फरक शिक्षकाने ध्यानात ठेवावा.

वाचन-लेखनातील अडचणींचा प्रश्नही येथे नवा नाही. ‘तारे जमीन पर’ या २००७ सालच्या हिंदी चित्रपटाने तो घराघरांत पोहोचविला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळण्याची सोय त्यामुळे अनेकांना परिचित झाली आहे. परंतु परीक्षा वर्षातून काही दिवसच असते. उरलेल्या दिवसांत असे मूल वर्गात काय करते, हा प्रश्न कायद्याच्या कलमाने सुटत नाही. तो तासाच्या आखणीतून सोडवावा लागतो.

रायर्डन यांच्या मुलाला त्या काळात वाचन जड जात होते, परंतु कथेत पुढे काय व्हावे हे त्याला नेमके सांगता येत होते. प्रत्येक वर्गात अशी एक-दोन मुले असतात. नवा नायक रचण्याची पाटी त्यांच्या हाती आधी द्यावी आणि त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. हे पुस्तक शिकविण्याची सुरुवात तेथून करता येईल.