‘काही नाही, उस्ताद’

पहाटेची पीटी सुरू असते. दुसऱ्या फेरीत नववीतला एक कॅडेट मागे पडू लागतो. तिसऱ्या फेरीत तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. उस्ताद जवळ येऊन विचारतात, काय झाले? उत्तर ठरलेले असते : ‘काही नाही, उस्ताद.’ त्याच आठवड्यात हा मुलगा दोनदा एमआय रूममध्ये येऊन जातो. एकदा पोट दुखते म्हणून, एकदा डोके दुखते म्हणून. ताप नसतो, घसा लाल नसतो. गोळी मिळते, एका दिवसाची सूट मिळते आणि नोंदवहीत एक ओळ वाढते.

हा कुणी एकच मुलगा नाही. निवासी शाळेत काही वर्षे काढलेल्या प्रत्येकाने त्याला पाहिलेले असते. काहींनी त्याला आरशातही पाहिले असेल. त्याच्या ‘काही नाही’मागे काय काय असू शकते, ते ओळखण्यात परिचारिकेचे काम कोणते आणि बाकी सगळ्यांचे कोणते, हे या लेखात समजून घेऊ.

जोखीम कुणाला?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा काळ किशोरवय मानते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात या वयाची २५ कोटींहून अधिक मुले-मुली होती, म्हणजे जवळजवळ दर पाच माणसांत एक. हे वय धडधाकट समजले जाते, म्हणून दवाखान्यात त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

‘जोखमीतील मूल’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाया गेलेला, व्यसनी मुलगा येतो. आरोग्यसेवेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्याच्या शरीरात, मनात किंवा परिस्थितीत अशी एखादी गोष्ट आहे की वेळेवर आधार मिळाला नाही तर त्याची तब्येत, शिक्षण किंवा जीव धोक्यात येईल, ते मूल जोखमीत आहे. घरी वडील आजारी असलेला, नुकताच घर सोडून आलेला, वरच्या वर्गातल्यांच्या दादागिरीला रोज तोंड देणारा, जेवण मागे टाकणारा, रात्र-रात्र जागणारा, असे कुणीही त्यात येते. वर्गात पहिला येणारा आणि परेडमध्ये सर्वांत पुढे असणारा कॅडेटही येऊ शकतो.

आधी शरीराचे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षय असलेले आढळले. म्हणजे मुलग्यांतही जवळपास तिघांत एक. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत आणि त्यापुढील मुलींत रक्तातील हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. पंधरा वर्षांपुढील मुलग्यांसाठी ही रेषा १३ ग्रॅमची आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना आणि मेंदूला प्राणवायू कमी. मग धावताना लवकर दम लागतो, उभे राहिल्यावर चक्कर येते, तासाला लक्ष लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे आळसासारखे दिसते. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाने जो उलगडा होतो, तो चार जादा फेऱ्यांनी कधीच होत नाही.

मनाचेही असेच आहे. मानसिक आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश चौदाव्या वर्षाआधी आणि जवळपास निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू होतात. म्हणजे आपल्या शाळेत मुलगा ज्या वर्षांत असतो, तीच ही वर्षे. या वयातले मूल ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. ते म्हणते, पोट दुखते. आणि ते खोटे बोलत नसते, पोट खरोखर दुखत असते.

परिचारिकेचे अर्धे काम कानाचे

ताप, नाडी, रक्तदाब आणि वजन मोजणे हे परिचर्येचे दिसणारे काम. न दिसणारे काम म्हणजे ऐकणे. तिसऱ्यांदा आलेल्या पोटदुखीला तीच गोळी पुन्हा न देता, ‘बस जरा, आज गडबड नाही’ असे म्हणणे.

किशोरांशी कसे बोलावे याची एक पद्धत जगभर शिकवली जाते. तिचे मर्म प्रश्नांच्या क्रमात आहे. सुरुवात घरापासून : घरी कोण कोण असते, शेवटचा फोन कधी झाला? मग शाळा आणि जेवण, मग मित्र आणि खेळ. एवढे बोलणे झाल्यावर तंबाखू, दारू यांसारखी व्यसने, लैंगिकता, आणि शेवटी सुरक्षितता व मनाची अवस्था. सोप्याकडून अवघडाकडे जायचे. पहिल्याच वाक्यात ‘तुला कुणी त्रास देते का?’ असे विचारले, तर पुन्हा ‘काही नाही’ हेच ऐकू येते.

शेवटचा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा लागतो : ‘जगू नये असे कधी वाटते का?’ असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ती कल्पना येईल, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. ज्याच्या मनात हा विचार आधीच आहे, त्याला कुणीतरी विचारले याचाच आधार वाटतो.

आणखी एक गोष्ट बोलणे सुरू होण्याआधीच सांगायची असते. ‘तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल, किंवा तुझ्यावर कुणी अत्याचार करत असेल, तर मला ते पुढे सांगावेच लागेल, आणि ते मी तुला सांगूनच सांगेन.’ हा नियम मुलाच्या रक्षणासाठी आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

यात भाषेचाही भाग आहे. देशभरातून मुले येतात त्या शाळेत दिवसभर हिंदी आणि इंग्रजी बोलली जाते. ‘जीव घाबरतो’, ‘कससं होतं’, ‘मन लागत नाही’ यांना तिथे चटकन शब्द सापडत नाहीत. अशा वेळी मुलाची भाषा जाणणारे कुणी शाळेत असेल, मग ते शिक्षक असोत, मेसमधले काका असोत की वरच्या वर्गातला दादा, तर त्याला जवळ बसवावे.

अनफिट होण्याची भीती

सैनिकी शाळेत गप्प बसण्याचे एक खास कारण असते, आणि त्याबद्दल उघड बोलायला हवे. ‘नोंद झाली तर पुढे मेडिकलमध्ये अनफिट ठरेन’ या भीतीने कॅडेट दुखणे लपवतात. नडगीचे दुखणे दाबून धावत राहतात आणि हाडाला गेलेली बारीक चीर मोठी होते. कान वाहतो तरी पोहतात. मुली पाळीतला जास्त रक्तस्राव कुणाला सांगत नाहीत आणि हिमोग्लोबिन उतरत जाते.

हिशेब नेमका उलटा आहे. रक्तक्षय, कानाचा संसर्ग, त्वचेचे विकार, सुरुवातीच्या टप्प्यातले हाडाचे दुखणे ही नववी-दहावीत उपचार घेतले तर बहुतेक वेळा बरी होणारी दुखणी आहेत. तीच बारावीनंतर मेडिकल बोर्डासमोर उघडी पडतात, तेव्हा वेळ हातात नसतो. घरची आठवण येणे, परीक्षेची धास्ती वाटणे, त्याविषयी सिस्टरशी बोलणे म्हणजे मनोविकाराचे निदान होणे नव्हे. आणि खरोखर आजार असेलच, तर त्यावर उपचार करणे कोणत्याही एका नोकरीपेक्षा मोठे आहे. गणवेश हे देशसेवेचे एक दार आहे, दारे आणखीही आहेत. हे वाक्य कॅडेटने घरून, आईवडिलांच्या तोंडून ऐकायला हवे.

बिहारमधला धडा

एकटी परिचारिका तीनशे-चारशे मुलांना पुरी पडत नाही. मग शाळेने काय करावे? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर बिहारमधून मिळाले आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही शाळांत हे काम प्रशिक्षण दिलेल्या शिक्षकाकडे सोपवले, काहींत डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित अशा साध्या समुपदेशकाकडे. प्रार्थनेच्या वेळी आरोग्यावर बोलणे, भित्तिपत्रक चालवणे, मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी ठेवणे आणि ज्याला हवे त्याच्याशी एकट्याने बोलणे, असे हे काम होते.

आठ महिन्यांनी समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलेले, दादागिरी आणि उदासीनतेची लक्षणे कमी झालेली आढळली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत मात्र तसा फरक दिसला नाही.

शिक्षकांनी हे मनाला लावून घेऊ नये. जो गुण देतो, शिस्त लावतो आणि शिक्षाही करतो, त्याच्यापाशी मन मोकळे करणे मुलाला अवघड जाते. त्यावर शिकवण्याचा आणि वह्यांचा भार असतोच. शाळेत असा एक तरी मोठा माणूस हवा, ज्याच्या हातात ना गुण ना शिक्षा. एमआय रूमचे खरे मोल इथे आहे. तिथे रँक बाहेर राहतो.

सुट्टीत गावी गेल्यावर

शाळेच्या भिंतीबाहेरही एक व्यवस्था आहे. ७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, इजा व हिंसा, व्यसने आणि मधुमेहासारखे असंसर्गजन्य आजार असे त्याचे सहा विषय आहेत. गावातल्याच मुलामुलींना प्रशिक्षण देऊन ‘साथिया’ म्हणून तयार केले जाते, कारण या वयात मूल आधी मित्राला सांगते आणि मग मोठ्यांना. आशाताई आणि परिचारिका त्यांना साथ देतात. सरकारी दवाखान्यांत किशोरांसाठी वेगळी सल्ला केंद्रे असतात. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’, राजस्थानात ‘उजाला’, कर्नाटकात ‘स्नेहा’ म्हणतात.

शाळांत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी याच साखळीचा भाग आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. ती जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या आगेमागे तासभर चहा टाळावा, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी उलट मदत होते. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नये, तो लोहाचाच परिणाम आहे. सुट्टीत घरी आलेल्या कॅडेटने आपल्या धाकट्या बहिणीची निळी गोळी उशीखाली तर जात नाही ना, एवढे पाहिले तरी तोही एक ‘साथिया’च झाला.

कुणी काय करावे

कॅडेटहो, सैन्यात ‘बडी’ असतो. तो आपल्या जोडीदाराच्या पायाचा फोडही पाहतो, कारण एकाचा पाय गेला तर सगळी तुकडी थांबते. तुमच्या शेजारच्या पलंगावरचा मित्र दोन आठवडे नीट जेवत नसेल, झोपत नसेल, खेळ सोडून बसत असेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा ‘मी नसलो तरी काय’ असे बोलत असेल, तर तीन गोष्टी करा. त्याला थेट विचारा. त्याला एकटे सोडू नका. आणि त्याने गुपित ठेवायला सांगितले तरी एका मोठ्या माणसाला सांगा. ही चुगली नाही. जखमी साथीदाराला मागे न सोडण्याचाच हा प्रकार आहे.

उस्ताद आणि शिक्षकहो, अचानक मागे पडलेल्या मुलाला शिक्षा देण्याआधी एकदा एमआय रूममध्ये पाठवून पाहा. नोंदवहीत एकच नाव महिन्यात तिसऱ्यांदा आले, तर सिस्टरने ते हाउसमास्तरांच्या कानावर घालावे आणि दोघांनी मिळून पाहावे. मुलाने विश्वासाने जे सांगितले ते मात्र या बोलण्यात येऊ नये.

पालकहो, आठवड्याच्या फोनची मिनिटे मोजकी असतात. पहिला प्रश्न गुणांचा नसावा. ‘झोप लागते का? जेवतोस ना? तुझ्या पलंगाशेजारी कोण आहे?’ असे विचारा आणि उत्तराआधीची शांतताही ऐका. ‘सैनिक होणार ना तू, रडतोस काय’ हे वाक्य मुलाचे रडे थांबवत नाही, फक्त फोन लवकर संपवते.

टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ आहे. वसतिगृहात मोबाइल नसतो, म्हणून हे दोन क्रमांक टेलिफोनशेजारी ठळक लिहून ठेवावेत.

आणि तो नववीतला मुलगा? त्याला पहाटे सगळ्यांसमोर विचारले तर तो ‘काही नाही’ असेच म्हणणार. तोच प्रश्न संध्याकाळी, मैदानाच्या कडेला, शेजारी बसून पुन्हा एकदा विचारून पाहावा.