मोशे बेन मैमोन यांची स्वहस्तलिखित पोथी

जुन्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस ठाऊक असेल कीं, चुकलेलें अक्षर हरताळ फांसून झांकीत आणि गळलेला शब्द खूण करून समासांत लिहीत. या दुरुस्त्या बहुधा लेखनिकाच्या असतात. नकलतांना नजर चुकली, ओळ राहिली, ती मागाहून भरली, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु ज्यानें ग्रंथ रचिला त्यानेंच आपलें मत स्वहस्तें खोडून शेजारीं दुसरें लिहिलेलें आढळावें, आणि तेंही आठशें वर्षांपूर्वींच्या कागदावर, हा योग विरळा. अशी एक पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत व जेरुसलेम येथील इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत विभागून ठेवलेली आहे. तिचा आणि तिच्या कर्त्याचा परिचय आमच्या वाचकांस करून देण्याचें आम्ही योजिलें आहे.

कर्त्याचें नांव मोशे बेन मैमोन, म्हणजे मैमोनाचा पुत्र मोशे. युरोपांत त्यांस ‘मायमोनिडीस’ म्हणतात, आणि यहुदी लोक नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘रंबम’ म्हणतात. त्यांची पोथी म्हणजे ‘मिश्ना’ या धर्मशास्त्रग्रंथावरील टीका होय. यहुदी लोकांचा मूळ धर्मग्रंथ तोरा. त्याच्या बरोबरीनें मुखपरंपरेनें चालत आलेले आचार व निर्णय इ. स. २०० च्या सुमारास रब्बी यहूदा यांनीं एकत्र केले, तो मिश्ना. त्याचे सहा खंड व त्रेसष्ट प्रकरणें. शेतीचीं दानें, सणवार, विवाह, नुकसानभरपाई व न्यायदान, यज्ञ व मंदिर, आणि शौचाशौच असे विषय. मिश्नावर पुढें जो प्रचंड वादविवाद झाला तो तालमूद. श्रुति, स्मृति आणि भाष्य अशी आपली परिचित मांडणी येथें वाचकांच्या मनांत उभी राहील; ती सर्वस्वीं जुळणार नाहीं, पण कल्पना येण्यास पुरे आहे.

मिश्नाचीं वाक्यें सूत्रांसारखीं आंखूड. त्यांचा अर्थ लावावयाचा तर तालमुदाच्या अरण्यांत दिवसेंदिवस हिंडावें लागे. मोशे यांनीं प्रत्येक वाक्याचा नेमका अर्थ आणि शेवटीं कोणतें मत ग्राह्य धरावयाचें तो निर्णय थोडक्यांत द्यावा असें ठरविलें. भाषा अरबी, पण लिपी हिब्रू. गोमंतकांतील ख्रिस्ती बंधु कोंकणी रोमन अक्षरांत लिहितात, तसाच हा प्रकार समजावा.

असें काम करावयास मनुष्यास स्वस्थता हवी. मोशे यांच्या वांट्यास ती आली नाहीं. त्यांचा जन्म ११३८ च्या सुमारास स्पेनमधील कोर्दोबा नगरींत झाला. वडील स्वतः धर्मशास्त्राचे न्यायाधीश. ११४८ मध्यें आल्मोहाद राज्यकर्त्यांनीं नगर घेतलें आणि परधर्मीयांपुढें धर्मांतर कीं देशत्याग असा प्रश्न पडला. तेव्हांपासून हें कुटुंब भटकूं लागलें. कांहीं वर्षें स्पेनमध्येंच इकडेतिकडे, मग मोरोक्कोंतील फेज, ११६५ मध्यें समुद्रमार्गें पॅलेस्टाईनचें अक्को बंदर, आणि अखेर कैरोजवळचें फुस्तात. तेविसाव्या वर्षीं आरंभिलेली टीका मोशे यांनीं तिसाव्या वर्षीं, ११६८ मध्यें, मिसर देशांत पुरी केली. ग्रंथाच्या शेवटीं ते वाचकांस विनवितात कीं, यांतील कांहीं भाग प्रवासाच्या मुक्कामांवर तर कांहीं गलबतावर बसून लिहिला आहे, तरी चूक दिसल्यास दोष देऊं नये.

आतां पोथीकडे वळूं. आरंभीं ही स्वच्छ प्रत म्हणून लिहिलेली दिसते. परंतु कर्त्यानें ती स्वच्छ राहूं दिली नाहीं. ओळीच्या ओळी काट मारून टाकल्या आहेत, वर बारीक अक्षरांत नवा मजकूर आहे, समास भरून गेले आहेत. यज्ञविषयक खंडांत आकृत्याही आहेत. जेरुसलेमच्या मंदिरांतील सात शाखांच्या दीपवृक्षाचें चित्र त्यांत प्रसिद्ध आहे. पेले त्रिकोणांनीं, गांठी वर्तुळांनीं व फुलें अर्धवर्तुळांनीं दाखविलीं आहेत. आपण केवळ संख्या व स्थान समजावें म्हणून रेखाटन केलें आहे, हुबेहूब रूप दाखविण्याचा हेतु नाहीं, असें मोशे सांगतात. तरीहि शाखा वांकड्या न काढतां सरळ तिरप्या काढल्या आहेत, आणि त्या बुद्ध्याच तशा काढल्या असें पुढें त्यांच्या पुत्रानें, अब्राहामानें, नमूद करून ठेविलें.

टीका पुरी झाल्यावर थोड्याच वर्षांत घरावर मोठा घाला पडला. धाकटा भाऊ डेव्हिड हा रत्नांचा व्यापार करून घर चालवीत असे, आणि त्याच्या आधारावर मोशे अध्ययनांत रमत. तांबड्या समुद्रावरील आयधाब बंदरांतून त्यानें वडील भावास लिहिलेलें एक पत्र कैरोच्या जुन्या सभामंदिराच्या कागदपत्रांत सांपडलें असून तें केंब्रिजमध्यें आहे. वाळवंटांत काफिला सोडून केलेला धोक्याचा प्रवास त्यांत वर्णिला आहे. बंदरांत निळीखेरीज घेण्याजोगा माल नाहीं, म्हणून आतां हिंदुस्थानास जातों, असें तो कळवितो. हाच डेव्हिड पुढें हिंदी महासागरांत बुडाला. त्याजबरोबर त्याचें, मोशे यांचें व इतरांचें द्रव्य गेलें. मागें विधवा व लहान मुलगी राहिली. मोशे वर्षभर अंथरुणास खिळून होते. आठ वर्षें लोटल्यावरही, भावाचें हस्ताक्षर किंवा त्याचें एखादें पुस्तक दिसलें कीं काळीज हलतें, असें त्यांनीं एका स्नेह्यास लिहिलें.

त्यानंतर पोटासाठीं वैद्यकी आली. सुलतान सलाहुद्दीनाच्या दरबारीं मान मिळाला, पण वेळ गेला. उतारवयांत लिहिलेल्या एका पत्रांत ते सांगतात कीं, रोज सकाळीं कैरोस राजवाड्यांत जावयाचें, भुकेनें व्याकुळ होऊन परतावें तों अंगण रोग्यांनीं भरलेलें, आणि शेवटीं थकून आडवें पडूनच औषध सांगावयाचें. अशा दिनक्रमांत चौदा भागांचा स्वतंत्र धर्मशास्त्रसंग्रह सिद्ध झाला, आणि त्याच दिनक्रमांत तरुणपणीं लिहिलेली ही टीकाही ते पुनःपुन्हा काढून दुरुस्त करीत राहिले. विद्वानांनीं शंका विचारल्या तर, पूर्वसूरींच्या मतावर विसंबून आपण तेथें चुकलों होतों, तुमच्यापाशीं जुना पाठ आहे, असें निःसंकोच उत्तर देत. निर्णयासाठीं लोक ज्याच्या तोंडाकडे पाहतात त्यानें असें लिहावें, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या विद्वत्तेपेक्षांही मोठी वाटते.

परंतु नकला केव्हांच देशोदेशीं गेल्या होत्या. तेराव्या शतकांत स्पेनमध्यें हिब्रू भाषांतरें झालीं तीं बहुतेक जुन्या पाठावरून, आणि १४९२ मध्यें नेपल्स येथें छापलीं गेलीं तींच. गुरूनें खोडलेलें मत शिष्यांनीं शतकानुशतकें पाठ करावें, असा हा प्रकार झाला! एक उदाहरण देतों. यहुदी धर्माचीं तेरा तत्त्वें मोशे यांनीं याच टीकेंत प्रथम मांडलीं. त्यांतील चौथ्या तत्त्वाशेजारीं, विश्व हें ईश्वरानें शून्यांतून निर्माण केलें हा धर्माचा पाया होय, अशा अर्थाची पुरवणी त्यांनीं मागाहून समासांत जोडली. जुन्या भाषांतरांत ती नाहीं. येमेनमध्यें वाढलेले रब्बी योसेफ काफिह यांनीं १९६३ पासून या हस्तलिखितांच्या आधारें नवें हिब्रू भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि कोठें काय बदललें तें टीपांत दाखविलें, तेव्हां कोठें सामान्य वाचकास हें कळूं लागलें.

पोथीचा प्रवासही कर्त्यासारखाच. चौदाव्या शतकांत एका वंशजाबरोबर ती सीरियांत गेली. सतराव्या शतकांत हलब येथील इंग्रज व्यापाऱ्यांचे पाद्री पोकॉक व हंटिंग्टन यांनीं जमविलेल्या हस्तलिखितांत तिचे भाग आले, व १६९३ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांत दाखल झाले. सण व विवाह या विषयांचे दोन खंड मात्र आपल्या ओळखीच्या घराण्याकडे आले. पुण्यांतील ‘लाल देऊळ’ बांधविणारे डेव्हिड ससून वाचकांस ठाऊकच आहेत. त्यांचा नातू डेव्हिड सॉलोमन ससून, जन्म मुंबईचा, १८८० सालचा; व्यापारापेक्षां पोथ्यांचा शोकी. त्यानें हजारावर हस्तलिखितें जमविलीं व १९३२ मध्यें त्यांची सूचि छापिली. तिचें नांव ‘ओहेल डेव्हिड’, जें पुण्याच्या त्या सभामंदिराचेंही आहे. त्याच्या पुत्राच्या पुढाकारानें १९५६ पासून कोपनहेगन येथें सर्व भागांच्या छायाप्रती निघाल्या. ससून यांचे खंड आतां जेरुसलेमच्या ग्रंथालयांत आहेत.

सहांपैकीं पांच विषयांचे खंड असे हातीं लागले. शौचाशौचाचा सहावा, ज्याच्या अखेरीस ती गलबतांची व मुक्कामांची हकीकत मुळांत लिहिलेली असणार, तो मोशे यांच्या हातचा मिळालेला नाहीं. ती हकीकत आपणांस ठाऊक आहे ती दुसऱ्यांनीं केलेल्या नकलांवरूनच.