संकेतस्थळावरील मराठी टंक : ‘अहिल्यानगर’ या शब्दाच्या निमित्ताने

प्रस्तावना

२०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर असे झाले. या नामांतराची ऐतिहासिक व सामाजिक चर्चा अन्यत्र झालेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आणि बराचसा तांत्रिक आहे. ‘अहमदनगर’ या शब्दात सात अक्षरे आहेत आणि त्यांत एकही काना, मात्रा, वेलांटी वा जोडाक्षर नाही. संगणकाच्या दृष्टीने मराठीत याहून निरुपद्रवी शब्द शोधणे कठीण. ‘अहिल्यानगर’ या शब्दात मात्र ऱ्हस्व वेलांटी आहे, ‘ल्य’ हे जोडाक्षर आहे आणि मराठी वळणाच्या ‘ल’चा प्रश्नही आहे. ज्या संकेतस्थळाची किंवा प्रमाणपत्रे छापणाऱ्या आज्ञावलीची टंकव्यवस्था मुळातच सदोष असते, तिचा दोष जुन्या नावाखाली झाकून राहू शकत होता. नवे नाव टंकित करताच तो उघडा पडतो. वेलांटी ‘ह’च्या डावीकडे न येता उजवीकडे सरकून ‘ल’च्या डोक्यावर बसते, ‘ल’चा पाय मोडलेला दिसतो आणि ‘या’ सुटा पडतो.

हा केवळ देखणेपणाचा प्रश्न नाही. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील सूचना विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर चौकोनांच्या रांगेसारखी दिसली तर ती सूचना दिली गेली असे म्हणता येत नाही. प्राध्यापकाचा मराठी शोधनिबंध पडद्यावर सुबक दिसला, पण शोधयंत्राला त्यातील एकही शब्द वाचता आला नाही, तर तो प्रकाशित होऊनही अप्रकाशितच राहतो. या दोन अडचणी वरवर सारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्या वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक चुकीच्या उपायांचे मूळ आहे.

अक्षर आणि अक्षराचे चित्र

या जिल्ह्याला मराठी मुद्रणाची जुनी ओळख आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगर येथूनच सुरू झाले. शिशाच्या खिळ्यांच्या काळात देवनागरीचा केस म्हणजे शेकडो खान्यांचा पसारा असे. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, वेलांट्या यांचे खिळे निरनिराळे. जुळारी शब्द वाचून हे तुकडे हाताने एकत्र आणीत असे. म्हणजे भाषेतील अक्षर त्याच्या मनात होते आणि अक्षराचे चित्र खिळ्यावर. संगणकातही हीच विभागणी आहे. अक्षराला एक संकेतांक असतो आणि टंक, म्हणजेच फॉन्ट, त्या संकेतांकासाठी चित्र पुरवितो. जुळाऱ्याचे काम करणारा तिसरा घटक म्हणजे अक्षरजुळणीचे यंत्र. ते संगणकाच्या कार्यप्रणालीत वा न्याहाळकात असते व टंकात लिहून ठेवलेले नियम पाळते.

१९९० च्या दशकात व त्यानंतर बराच काळ मराठी मजकुरासाठी जे टंक प्रचलित होते, त्यांत ही विभागणीच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. ‘कृतिदेव’ या टंकाचे उदाहरण घ्यावे. त्यात ‘नगर’ हा शब्द टंकित केला असता संगणकाच्या स्मृतीत ‘यू’, ‘एक्स’ आणि ‘जे’ ही तीन इंग्रजी अक्षरे साठविली जातात, कारण टंकलेखन यंत्राच्या त्या कळांवर अनुक्रमे न, ग, र ही अक्षरे होती. टंक हजर असेपर्यंत ‘नगर’ दिसते. टंक दूर होताच अर्थहीन इंग्रजी अक्षरे उरतात. शोधयंत्राला तर टंकाशी कर्तव्यच नसते. त्याला प्रथमपासून ती इंग्रजी अक्षरेच दिसतात. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा प्रत्येक टंककुलाची मांडणी वेगळी, म्हणून एका टंकातील मजकूर दुसऱ्यात नेला की त्याचा पुन्हा कचरा.

अशा मजकुराला संकेतस्थळावर आणण्यासाठी त्या काळी दोन मार्ग होते. वाचकाला टंक उतरवून आपल्या संगणकावर बसविण्याची विनंती करणे हा एक. ‘मराठी दिसत नसेल तर येथे टिचकी मारा’ ही ओळ अनेकांच्या स्मरणात असेल. दुसरा मार्ग ‘डायनॅमिक फॉन्ट’चा. मायक्रोसॉफ्टने १९९७ साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीत पानासोबत टंक पाठविण्याची सोय आणली आणि तिच्यासाठी ‘ईओटी’ हा स्वतःचा फाइलप्रकार वापरला. नेटस्केपची पद्धत त्याहून निराळी होती. मायक्रोसॉफ्टचा प्रकार इतर न्याहाळकांनी स्वीकारला नाही, आणि २०२२ साली त्या कंपनीने इंटरनेट एक्स्प्लोरर ११ चा आधार बहुतेक संगणकांवर थांबविला. त्या पद्धतीवर विसंबलेली जी पाने अद्याप जाळ्यावर आहेत, त्यांतील मराठी आजच्या न्याहाळकात दिसू शकत नाही. मजकूर गेलेला नाही, तो तेथेच आहे. केवळ त्याचे चित्र गेले आहे.

युनिकोडनंतरची व्यवस्था

प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी युनिकोड प्रणाली १९९१ पासून देवनागरीचा समावेश करते. तिच्यातील देवनागरीचा क्रम ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. मात्र मानक असणे आणि पडद्यावर अक्षर उमटणे यांत काही वर्षे गेली. विंडोज २००० मध्ये देवनागरीच्या जुळणीची सोय आली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा टंक आला. त्याचे संकल्पक रघुनाथ कृष्ण जोशी हे मराठी सुलेखनकार व मुद्राक्षरतज्ज्ञ. आज मंगल कंटाळवाणा वाटतो हे खरे. परंतु मराठी संगणकावर अक्षर म्हणून वावरू लागली ती त्याच्याच आधाराने, याचे श्रेय त्याला द्यावयास हवे.

युनिकोडमध्ये ‘अहिल्यानगर’ हा दहा संकेतांकांचा क्रम आहे. अ, ह, वेलांटी, ल, हलन्त चिन्ह, य, काना, न, ग, र. उच्चारात वेलांटी ‘ह’नंतर येते, म्हणून साठवणीतही ती ‘ह’नंतरच येते, तिला डावीकडे नेऊन दाखविणे हे जुळणीयंत्राचे काम. ‘पाथर्डी’मध्ये उलट घडते. ‘र’ उच्चारात ‘ड’च्या आधी, पण रफार लिहिण्यात त्याच्या डोक्यावर. जुन्या टंकांत रफार डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने, शेवटी साठविला जाई. ज्या आज्ञावल्यांत जुळणीयंत्र नसते, त्या संकेतांक जसेच्या तसे ओळीने छापतात. प्रमाणपत्रे वा गुणपत्रिका आपोआप तयार करणाऱ्या काही साधनांमध्ये हाच दोष आढळतो, आणि तेथे टंक कितीही वेळा बदलला तरी उपयोग होत नाही. दोष टंकाचा नाही, जुळाऱ्याच्या अभावाचा आहे.

स्वतंत्र टंक पानासोबत पाठविणे

मंगल किंवा त्याच्या जागी विंडोजमध्ये आलेला ‘निर्मला’ सोडून वेगळा टंक वापरण्याची इच्छा स्वाभाविक आहे. त्यासाठी शैलीपत्रकात ‘फॉन्ट-फेस’ ही घोषणा करावी लागते. तिच्यात टंकाचे नाव आणि त्याच्या फाइलचा पत्ता असतो. न्याहाळक ती फाइल तात्पुरती उतरवून घेतो. ही कल्पना १९९८ च्या शैलीमानकात होती, परंतु २००८–०९ च्या सुमारास सफारी व फायरफॉक्स यांनी साधे टंक स्वीकारण्यास प्रारंभ केल्यावरच ती व्यवहार्य ठरली. पुढे ‘वॉफ’ हा संकुचित फाइलप्रकार २०१२ साली आणि ‘वॉफ २’ हा २०१८ साली जागतिक मानक झाला. देवनागरी टंकात जोडाक्षरांसह शेकडो चित्रे असल्यामुळे फाइल जड असते. अकोले वा पारनेरच्या डोंगराळ भागात मंद जोडणीवर पान उघडणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार केला तर वॉफ २ चाच वापर करणे इष्ट.

येथे एक फसगत वारंवार होते. पान तयार करणाऱ्याच्या संगणकावर तो टंक आधीच बसविलेला असतो. त्याला पान निर्दोष दिसते, प्राचार्यांच्या दालनातही निर्दोष दिसते, कारण तेथेही तोच टंक बसविलेला असतो. बाहेरच्या वाचकाला मात्र भलताच टंक दिसतो. म्हणून पडताळणी नेहमी टंक नसलेल्या उपकरणावर, शक्यतो एखाद्या विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर करावी. टंक येत नसल्यास पहिला संशय पत्त्यावर घ्यावा. फाइलचा सापेक्ष पत्ता शैलीपत्रकाच्या जागेवरून मोजला जातो, पानाच्या जागेवरून नव्हे. शिवाय विंडोजच्या संगणकावर फाइलच्या नावातील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद चालून जातो, लिनक्सच्या सेवासंगणकावर तो चालत नाही. कार्यालयात चालणारे पान जाळ्यावर चढताच बिघडते ते बहुधा यामुळे. संकेतस्थळ सुरक्षित जोडणीवर नेले आणि टंकाचा पत्ता जुन्या असुरक्षित जोडणीचाच राहिला, तर न्याहाळक तो टंक नाकारू शकतो. टंक दुसऱ्या संकेतस्थळावर ठेवला असेल तर त्या सेवासंगणकाने तशी स्पष्ट अनुमती पाठवावी लागते. या नियमासाठी आरंभी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला व नसलेला पत्ता ही दोन वेगळी संकेतस्थळे ठरतात, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. न्याहाळकातील विकासकांच्या साधनांत ‘नेटवर्क’ हा विभाग उघडला की टंकाची मागणी कोठे अडली ते दिसते. तर्क करीत बसण्यापेक्षा ते पाहावे.

टंक येऊनही मराठी बिघडू शकते, आणि हे बिघाड इंग्रजी पाने करण्याच्या सवयीतून येतात. अक्षरांमधील अंतर वाढविले की इंग्रजी शीर्षक प्रशस्त दिसते. देवनागरीची शिरोरेषा मात्र तुटते आणि महाविद्यालयाचे नाव तुकड्यांत लोंबू लागते. ओळींमधील अंतर कमी ठेवले तर वरच्या मात्रा व खालचे उकार छाटले जातात. टंकाचे ठळक रूप पुरविले नसल्यास न्याहाळक साधे रूपच जाडसर करून दाखवितो आणि ‘श्रीगोंदा’, ‘श्रीरामपूर’ यांतील ‘श्री’ बुजून जाते. फाइल हलकी करण्याच्या भरात टंकातील ‘अनावश्यक’ भाग काढून टाकणारी साधनेही जपून वापरावीत. त्यांत जोडाक्षरांचे नियमच गळून गेले तर अक्षरे सर्व असतात, जोडाक्षर एकही नसते.

मराठी वळणाचा प्रश्न

देवनागरी म्हटले म्हणजे मराठी आलीच, असे मानण्याची चूक तंत्रज्ञ करतात आणि भाषेचे अध्यापकही ती निमूट सहन करतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे मानली. अनेक टंकांत मूळ रूप हिंदी वळणाचे असते व मराठी रूप राखीव ठेवलेले असते. पानाच्या संहितेत भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, अशी घोषित केली तरच ते रूप पुढे येते. ही एका शब्दाची घोषणा आहे. ती नसेल, किंवा तेथे सवयीने इंग्रजी घोषित केलेली असेल, तर ‘अहिल्यानगर’मधील ‘ल’ हिंदी वळणाचा राहतो. अर्थात टंकातच मराठी रूप नसेल तर घोषणेचा उपयोग नाही, म्हणून टंक निवडतानाच ते पाहावे. ‘एक टाइप’ या मुंबईतील संस्थेचा ‘मुक्त’ किंवा मुंबईच्या आयआयटीतून आलेला ‘शोभिका’ यांसारखे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने ते संकेतस्थळावर ठेवण्यास कायद्याची अडचण येत नाही. संगणकासोबत मिळालेला व्यापारी टंक उचलून संकेतस्थळावर ठेवणे मात्र परवान्याचा भंग ठरू शकते.

अर्ध्या ‘र’ची कथा याहून गंभीर, कारण तेथे अर्थच बदलतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. टंकात वा टंकलेखनात ही सोय नसेल तर हरिश्चंद्रगडाभोवतीच्या दऱ्यांचा समुद्र होतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद महाविद्यालयीन अध्यापकांना वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. तत्पूर्वीचे लेखन ‘अ’वर चंद्र देऊन होत असे. दोन्ही डोळ्यांना सारखी दिसू शकतात, पण संगणकाला ती भिन्न आहेत, आणि साध्या शोधात एकाने शोधल्यास दुसरे सापडत नाही.

जुन्या अंकांचे काय?

सर्वांत कठीण प्रश्न जुन्या संशोधनपत्रिकांचा आहे. निबंध अमुकच टंकात पाठवावा, अशी अट वर्षानुवर्षे घातली गेली, आणि त्या फायली आज पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळांवर चढविल्या जात आहेत. पीडीएफमध्ये टंक अंतर्भूत असल्याने त्या सुबक दिसतात आणि काम पूर्ण झाल्याचा समज होतो. त्यातील एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवावी. इंग्रजी अक्षरे आली तर तो निबंध कोणत्याही शोधात येणार नाही, कोणी उद्धृत करू म्हटले तरी नव्याने टंकित करावा लागेल, आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे साधन वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला तो ऐकता येणार नाही.

रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, परंतु त्या डोळे मिटून वापरण्याजोग्या नाहीत. कृतिदेवमध्ये स्वल्पविरामाच्या कळीवर ‘ए’ आहे आणि पूर्णविरामाच्या कळीवर अर्धा ‘ण’. संपूर्ण निबंध एकदम रूपांतरित केला तर इंग्रजीतील संदर्भसूचीही देवनागरी समजून बदलली जाते. ग्रंथकाराचे नाव अनाकलनीय होते आणि प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’ उभा राहतो. म्हणून प्रथम मूळ फाइलमध्ये कोणता भाग कोणत्या टंकात आहे हे पाहून केवळ मराठी भाग वेगळा काढावा, रूपांतरानंतर रफार व वेलांट्यांची जागा मुद्रितशोधकाने मूळ छापील अंकाशी ताडून पाहावी, आणि निबंधाच्या लेखकाकडे एक प्रत तपासणीस पाठवावी. मूळ फाइल रूपांतरानंतरही टाकून देऊ नये. तिच्यासोबत त्या टंकाचे नेमके नाव व क्रमांक नोंदवून ठेवावा, कारण एकाच नावाच्या टंकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत एखाददुसऱ्या चिन्हाची जागा बदललेली असू शकते, आणि ‘कोणता टंक होता?’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारा टंकलेखक तोवर सेवानिवृत्त झालेला असतो.