मागच्या चाकावरचा तेलाचा ओघळ

शेतमाल वाहणारी पिकअप आज आपल्याकडे घरच्या बैलजोडीसारखी झाली आहे. पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या, दुपारी खताच्या गोण्या, संध्याकाळी मांडवाचं सामान. तिला विश्रांती नाही. मालक तिला धुतो, पुसतो, दसऱ्याला झेंडूचा हार घालतो. पण वाकून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बघणारे थोडेच. आज मी तुम्हाला तिथंच बघायला सांगणार आहे.

नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून माळशेज घाटानं कल्याणला जाणारा एक तरुण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. गाडी कर्जाची. म्हणाला, ''काका, मागच्या चाकातून तेल येतंय. दोन महिन्यांत दोनदा सील बदलून झालं, पुन्हा तेच.'' मी विचारलं, ''ब्रेक कसा लागतोय?'' तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, ''परवा घाटात वाहनं खोळंबली होती. हँडब्रेक ओढला तरी गाडी पुढं सरकायला लागली. बरोबरच्या पोरानं उडी टाकून चाकाखाली दगड घातला म्हणून निभावलं.'' उरलेला घाट त्यानं पहिल्या गिअरमध्ये उतरवला होता. तेलाची तक्रार वेगळी आणि ब्रेकची वेगळी, असं त्याला वाटत होतं. दोन्ही एकच होत्या.

त्या का, ते बघू. मागच्या दोन चाकांमध्ये लोखंडी पोकळ नळा असतो. त्याला गॅरेजवाले हाउसिंग म्हणतात. त्याच्या मध्यभागी डिफरेन्शियलचे दाते असतात आणि ते घट्ट गिअर ऑइलमध्ये बुडून फिरतात. तिथून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट निघून चाकापर्यंत जातो. शाफ्ट जिथं हाउसिंगच्या टोकातून बाहेर पडतो, तिथं तेल अडवायला रबराची एक कडी बसवलेली असते. तीच ऑइल सील. तिचा पातळ ओठ शाफ्टला चिकटून राहतो आणि ओठामागची बारीक स्प्रिंग त्याला दाबून धरते. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाताना चाक मिनिटाला साधारण ४५० फेरे घेतं. म्हणजे नारायणगाव ते कल्याण एका खेपेत पन्नास हजारांहून जास्त वेळा शाफ्ट त्या ओठावर घासून जातो. तो कधीतरी झिजणारच.

आता हा ओठ फाटला की तेल जातं कुठं? सीलच्या पलीकडेच ब्रेकचा ड्रम असतो. तेल आधी ड्रममध्ये शिरतं, लायनरमध्ये मुरतं आणि मग चाकावर ओघळतं. आपल्याला ओघळ दिसतो तेव्हा लायनर बहुधा भिजलेला असतो. तेलकट लायनर कधी एकदम पकडतो, कधी नुसताच घसरतो. एका बाजूचा भिजला तर ब्रेक मारताना गाडी दुसरीकडे ओढते. शिवाय बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेकही याच लायनरवर चालतो. म्हणून घाटात त्याची गाडी सरकली.

ओघळ दिसला की आधी तो कशाचा, हे ठरवा. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असतं, रंग उकलवतं आणि त्याच्या बाटलीतली पातळी उतरते. ते असेल तर दुखणं चाकातल्या ब्रेक सिलिंडरचं. सील बदलून त्याचा उपयोग नाही.

गिअर ऑइलच असेल तर पुढचा प्रश्न विचारा: सील का गेलं? हाच प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. कारणं मुख्यतः तीन. पहिलं, बेअरिंग झिजलं. मग शाफ्ट डगमगतो आणि सीलच्या ओठाला त्याच्या मागं धावता येत नाही. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून बघितलं की खेळ कळतो. दुसरं, शाफ्टवरच चर पडलेला असतो. सील जिथं बसतं तिथं नख फिरवा. नख अडकलं तर नवं सीलही गळणार. अशा वेळी शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात, नाहीतर शाफ्ट बदलतात. तिसरं कारण सर्वांत साधं आणि सर्वांत विसरलं जाणारं. हाउसिंगच्या वरच्या बाजूला अंगठ्याएवढी एक टोपी असते, ब्रीदर. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते. फुगलेली हवा ब्रीदरमधून बाहेर जाते. तो चिखलानं बुजला तर दाब सीलवर येतो आणि तेल तिथून वाट काढतं. दोन्ही चाकं एकदम गळायला लागली, तर आधी ब्रीदर बघा आणि तेल प्रमाणाबाहेर भरलंय का तेही बघा.

त्या तरुणाची दोन्ही चाकं गळत होती. ओढ्यातून, शेतातल्या गाळातून गाडी जायची. ब्रीदर तारेनं टोकरला तेव्हा आतून काळ्या मातीची वाळलेली गोळी निघाली.

काम स्वतः करणाऱ्यांसाठी, किंवा समोर उभं राहून करून घेणाऱ्यांसाठी, चार गोष्टी सांगतो. गाडी सपाट जागी उभी करा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि मगच हँडब्रेक सोडा, नाहीतर ड्रम निघणार नाही. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. पक्के स्टँड लावा. ड्रममधली भुकटी हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते छातीत जातं. ओल्या फडक्यानं पुसा.

बहुतेक छोट्या पिकअपमध्ये बेअरिंग धरणारी पट्टी चार बोल्टांनी बसवलेली असते. ते बोल्ट काढून शाफ्ट सरळ बाहेर ओढायचा. काही गाड्यांत शाफ्टचं लॉक आत डिफरेन्शियलमध्ये असतं. तिथं जोर लावला तर मोडतोड होईल, म्हणून आधी गाडीचं पुस्तक बघा. बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असेल तर ते प्रेसवरच काढून घ्या. शाफ्टला गॅस लावून तापवू नका, त्याचं पाणी उतरतं.

नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी. ओठाला थोडं तेल लावा. सील छिन्नीनं एका कडेला ठोकू नका. त्याच मापाची जुनी बेअरिंगची कडी किंवा लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून चहूबाजूंनी सारखं बसवा. शाफ्ट आत घालताना त्याचं वजन हातावर तोलून धरा. तो सीलवर टेकला तर टोकाचे दाते नवा ओठ तिथल्या तिथे कापतात. 'कालच बदललं आणि आज गळलं' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथं असतं.

आणि भिजलेले लायनर? ते पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. मुरलेलं तेल तसं निघत नाही. घाटात लायनर तापला की ते वर येतं. म्हणून लायनर बदला, तेही दोन्ही चाकांचे, म्हणजे ब्रेक सारखा लागेल. शेवटी कंपनीनं सांगितलेलं तेल भरण्याच्या छिद्राच्या कडेपर्यंतच भरा, ब्रेक जुळवून घ्या, आणि ब्रेकचा पाइप उघडला असेल तर हवा काढा. माल भरण्याआधी रिकामी गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून पुन्हा वाकून बघा.

त्या तरुणाच्या गाडीचे दोन्ही सील, दोन्ही बाजूंचे लायनर बदलले आणि ब्रीदर साफ केला. सगळ्यात स्वस्त काम ब्रीदरचं झालं, आणि तेच आधी केलं असतं तर बाकीचा खर्च वाचला असता. आता तो क्रेट भरून होईपर्यंत बॅटरी घेऊन चाकांमागं एकदा डोकावतो. त्याला अर्धा मिनिट लागतो. तुमच्या गाडीखाली आज संध्याकाळी तुम्हीही एकदा डोकावून बघा.

(रेडिओवरील भाषण, संपादित)