फवारणी मजुराचे रक्त कोण तपासणार?

नंदुरबारच्या दुकानात कोणी विष मागत नाही, 'औषध' मागतो. कपाशी-मिरचीच्या या जिल्ह्यात पाठीवर पंप बहुधा भिल्ल, पावरा, मावची मजुराच्या असतो आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर!

या 'औषधां'तले सर्वांत कुप्रसिद्ध नाव मोनोक्रोटोफॉस. स्वस्त आणि जालीम म्हणून ते कपाशीवरच्या किडींवर वर्षानुवर्षे मारले गेले. हे ऑर्गनोफॉस्फेट गटातले विष मज्जातंतूंना आवर घालणारे कोलिनएस्टरेज हे विकर निकामी करते. मग तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, श्वास कोंडतो. ते पोटातच जावे लागते असे नाही. घामाने भिजलेल्या कातडीतूनही शिरते. 2005 मध्ये भाजीपाल्यावर त्याला बंदी आली. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून त्याने 23 मुले मारली. अखेर 2023 मध्ये केंद्राने ते बंद केले, तेही जुना साठा विकायची मुभा देऊन. प्रोफेनोफॉससारखे त्याचे भाऊबंद दुकानात आहेतच.

2017 मध्ये यवतमाळात फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात गेले. सरकारने पाच कीटकनाशकांवर 60 दिवसांची बंदी घातली. साठच का? कारण 1968 च्या कीटकनाशक कायद्याचे कलम 27 राज्याला एका वेळी तेवढाच अधिकार देते, पुढे फार तर 30 दिवस. विषाला मुदतीची कैद, मजुराला मात्र मरण.

आम्ही वकिली करतो म्हणून कायद्याचीच पाने उलटतो. 1971 च्या नियमांतला नियम 37 सांगतो की फवारणीच्या कामावरील माणसाची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. ऑर्गनोफॉस्फेट हाताळणाऱ्याच्या रक्तातील कोलिनएस्टरेज दर महिन्याला मोजले पाहिजे. दर महिन्याला! सातपुड्याच्या पायथ्याशी रोजंदारीने पंप मारणाऱ्याला हे कोणी सांगितले?

मालकाची पळवाट आम्हाला ठाऊक आहे. कलम 38 स्वतःच्या कसणुकीतील जमिनीवरच्या वापराला कायद्यातून सूट देते. पण ती सूट कसणाऱ्याची. रोजाने आलेल्या भूमिहीनाची ती जमीन कधी होती? त्याला ही सूट लावणे म्हणजे त्याचा जीवही मालकाच्या सातबाऱ्यावर चढवणे होय.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर 1943 मध्ये धनबाद भागातील कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. आज फवारणी चाललेल्या कपाशीत कोणता अधिकारी उतरतो?

शहादा, तळोदा, अक्कलकुव्याच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. मोर्चा जरूर काढा, पण आधी 2005 च्या माहिती अधिकाराखाली दोन अर्ज टाका. कृषी खात्याला विचारा: नियम 37 प्रमाणे या तालुक्यात किती फवारणी मजुरांचे रक्त तपासले? आरोग्य खात्याला विचारा: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आज अ‍ॅट्रोपिनची किती इंजेक्शने आहेत? उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. कपाशीवर पहिला पंप चढण्याआधी ते हातात हवे.